२० तारखेला नेट गेलं तर? दोन लाईनी आणि एक राउटर

वाचकाचं पत्र:

नमस्कार. कराडजवळ मलकापूरला माझं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, मला धरून सहा जणं. जीएसटी, टीडीएस, इन्कम टॅक्स, थोडं अकाउंटिंग. टॅलीचा डेटा एका मेन पीसीवर आहे आणि बाकीचे त्यातूनच काम करतात. नेट लोकल केबलवाल्याचं फायबर, एरवी चांगलं चालतं, पण हायवेच्या बाजूला खोदाई सुरूच असते आणि लाईन तुटते ती नेमकी ११ किंवा २० तारखेच्या आसपास. मग सगळे आपापला हॉटस्पॉट लावतात, तर प्रिंटर बंद, टॅली बंद, नुसता गोंधळ. मागच्या २० ला दुपारी गेलेलं नेट रात्री आलं. आता भाऊ म्हणतो दोन लाईनवाला राउटर घे, दुकानदार म्हणतो सिमवाला घ्या, आणि केबलवाला म्हणतो माझीच अजून एक लाईन घ्या, स्वस्तात देतो. कुठला राउटर घेऊ? बजेट दहा हजार. मला तांत्रिक फारसं कळत नाही.

उत्तर:

ताई, नमस्कार. २० तारखेला दुपारी नेट जाणं म्हणजे काय असतं हे तुमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, ३बी, म्हणजे जीएसटीचं २० तारखेचं महिन्याचं रिटर्न, एक दिवस उशिरा गेलं तरी दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर १८ टक्क्यांनी व्याज, आणि पैशापेक्षा जास्त म्हणजे क्लायंट म्हणतो मी तर तुम्हाला आठवड्यापूर्वीच सगळी बिलं दिली होती. त्यामुळे तुम्ही हा खर्च करताय तो अगदी योग्य आहे, आणि दहा हजारात हे काम नीट होऊ शकतं. फक्त राउटर कुठला हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न दुसरी लाईन कुठली, कारण ती चुकली तर राउटर कितीही भारी घ्या, काही उपयोग होणार नाही.

केबलवाल्याची दुसरी लाईन घेऊ नका. तो माणूस चांगला असेल, स्वस्तात देत असेल, तरी नको. त्याच्या दोन्ही वायरी त्याच खांबावरून येणार, त्याच ऑफिसातल्या त्याच मशीनला लागणार, आणि त्याला पुढे ज्या मोठ्या कंपनीकडून नेट मिळतं तीही एकच असणार. म्हणजे एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवल्यासारखं, विहीर आटली की दोन्ही कोरड्या. तुमच्याकडे जेसीबी ज्या ठिकाणी केबल तोडतो ती बहुतेक तुमच्या दारातली वायर नसतेच, ती रस्त्याकडेची मोठी केबल असते जिच्यातून अख्ख्या भागाचं नेट जातं, ती तुटली की त्याच्या सगळ्या गिऱ्हाईकांचं एकदमच जातं.

दुसऱ्या एखाद्या केबलवाल्याची लाईन घ्यावी असं वाटलं तरी आधी त्याला दोन गोष्टी विचारा. एक, तुमची फायबर आमच्या बिल्डिंगला कुठल्या बाजूने येते, हायवेकडून की गावाकडून? दोन, तुम्हाला वरून नेट कोण देतं? छोट्या गावांत हे बऱ्याचदा निघतं की दोन वेगवेगळ्या नावाचे केबलवाले एकाच मोठ्या केबलवर आहेत. त्याला घेऊन खाली उतरा आणि खांबाकडे बोट करून दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

तुमच्या बाबतीत मला सरळ उपाय दिसतो तो मोबाईलच्या सिमचा. खोदाईत तुटणारी जी वायर आहे ती तुमच्यात आणि टॉवरमधे येतच नाही. टॉवरला मागून फायबर असते हे खरं, पण तो रस्ता वेगळा असायची शक्यता जास्त आणि मोठ्या कंपन्या त्यांच्या मुख्य केबलचे पर्यायी मार्ग ठेवतात. जिओ आणि एअरटेल दोघांचंही एअरफायबर २०२३ पासून आहे, म्हणजे गच्चीवर किंवा भिंतीवर एक डबा लावून ५जी वरून नेट, तुमच्याकडे मिळत असेल तर तेही चालेल, पण महिन्यातून दोनतीनदा काही तास वापरायच्या गोष्टीसाठी दर महिन्याचं वेगळं भाडं भरण्याआधी साधं ४जी सिम वापरून बघा असं मी म्हणेन. सहा माणसांच्या रिटर्नच्या कामाला ते पुरतं, पोर्टलवर रिटर्नची जेसन फाईल चढवायला आणि चलन काढायला काही फार स्पीड लागत नाही, पोर्टलच हळू असतं तो भाग वेगळा.

सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे जाहिरात बघून ठरवू नका, ऑफिसमधल्याच लोकांचे फोन घ्या, सहा जणांत तीन कंपन्यांची सिमं असतीलच. खिडकीजवळ, मधल्या खोलीत, मेन पीसीजवळ असं फिरून प्रत्येकावर स्पीड टेस्ट करा, आणि ती सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहा-सातला अशी दोन्ही वेळेला करा, कारण संध्याकाळी टॉवरवर गर्दी होते आणि सकाळी ३० चा आलेला स्पीड ३ वर येतो. फोनच्या सेटिंगमधे सिम स्टेटस म्हणून पान असतं तिथे सिग्नल डीबीएममधे (सिग्नलचा जोर मोजायचं माप) दिसतो, तो उणे आकडा असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५-९० च्या आसपास असेल तर मस्त, उणे १०५ च्या पलीकडे गेला तर तिथे ठेवलेला डबा रडणार. दांड्या बघून ठरवू नका, प्रत्येक फोन दांड्या आपल्या मनाने दाखवतो.

आता हॉटस्पॉट लावल्यावर तुमचं टॅली आणि प्रिंटर का बंद पडतं ते सांगतो, कारण राउटर घ्यायचं खरं कारण तेच आहे. तुमचे सगळे पीसी आणि प्रिंटर ऑफिसच्या एका नेटवर्कमधे आहेत, टॅलीचा डेटा आणि लायसन्स त्या नेटवर्कमधूनच मेन पीसीकडून मिळतं, रोजच्या कामात त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही. नेट गेलं तरी आतलं नेटवर्क चालूच असतं. पण ऑफिसमधल्या कुणी लॅपटॉप स्वतःच्या मोबाईलला जोडला की तो ऑफिसच्या नेटवर्कमधून बाहेर पडला, आता त्याला पोर्टल दिसतं पण मेन पीसी दिसत नाही, प्रिंटर दिसत नाही. म्हणून एक तर पोर्टल नाही तर टॅली, दोन्ही एकदम मिळत नाही. दोन लाईनवाला राउटर इथे कामाला येतो, तुमची सगळी मशीनं आत जिथल्या तिथे राहतात आणि फक्त राउटर बाहेरचा रस्ता बदलतो, कुणाला काही करावं लागत नाही.

राउटर बाजारात साधारण तीन जातीचे मिळतील. दुकानदार म्हणतो तो सिमवाला, म्हणजे डब्यातच सिमचा खाचा आणि वायफाय. दिसायला सोपा, एकच डबा, पण दोन अडचणी आहेत. त्यात सिमही बसतं आणि फायबरची वायर लावायला वॅनचं, म्हणजे बाहेरच्या लाईनचं, भोकही असतं म्हणून तो आपोआप एकावरून दुसऱ्यावर जाईलच असं नाही, काही मॉडेलमधे आत शिरून मोड बदलावा लागतो, मग तुम्ही २० तारखेला क्लायंट समोर बसलेला असताना पासवर्ड शोधत बसणार. घेण्याआधी दुकानदाराला फेलओव्हर (एक लाईन गेली की आपोआप दुसरीवर जाणं) किंवा बॅकअपचं पान उघडून दाखवायला सांगा, दाखवता आलं नाही तर घेऊ नका. दुसरी अडचण म्हणजे राउटर जिथे वायरी येतात तिथेच ठेवावा लागतो आणि बहुतेक ऑफिसमधे तो कोपरा म्हणजे कपाटामागे, जिथे मोबाईलची रेंज सगळ्यात वाईट.

दुसरी जात वायरवाले ड्युअल वॅन, म्हणजे दोन लाईनींचे, राउटर. टीपी-लिंकचा ईआर६०५ हा या वर्गातला आपल्याकडे सहज मिळणारा, छोटा, पाच पोर्टचा डबा आहे, एकापेक्षा जास्त पोर्ट बाहेरच्या लाईनसाठी वापरता येतात, वायफाय मात्र त्यात नसतं. तिसरी जात मिक्रोटिकचा हेक्स वगैरे, दगडासारखा दणकट आणि वाट्टेल ते करू शकणारा, पण त्याच्या सेटिंगमधे माहितगार माणूसच पाहिजे, तुमच्या ओळखीत फोन केला की तासाभरात येणारा कुणी असेल तर जरूर घ्या, नसेल तर तुम्ही त्या माणसाच्या तारखा बघत बसाल. असूसच्या बऱ्याच वायफाय राउटरमधेही ड्युअल वॅन असतं, मोबाईल यूएसबी केबलने लावून तो बॅकअप म्हणून चालतो, ते घरच्या ऑफिसला छान आहे.

तुम्हाला मी सांगेन ते असं. ईआर६०५ किंवा त्याच वर्गातला दुसरा ड्युअल वॅन राउटर मधे ठेवा. पहिल्या वॅनमधे केबलवाल्याच्या फायबरच्या डब्यातून येणारी वायर. दुसऱ्या वॅनमधे एक साधा, स्वस्तातला ४जी सिम राउटर, ज्याला लॅनचं, म्हणजे नेटवर्कची वायर लावायचं, भोक आहे असा. त्याला लांब लॅन केबल टाका आणि त्याला जिथे रेंज उत्तम आली त्या खिडकीत नेऊन ठेवा, केबल दहा मीटर झाली काय, वीस मीटर झाली काय, काही फरक पडत नाही. वायफायसाठी तुमचा सध्याचा राउटर असेल तोच ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता, टाकून वापरा. तीन डबे झाले हे खरं, पण प्रत्येक डबा आपल्या जागी, आणि उद्या सिमवाला बिघडला किंवा पुढे ५जी घ्यावंसं वाटलं तर तेवढाच बदलायचा. पोर्ट कमी पडले तर एक आठ पोर्टचा स्विच, म्हणजे वायरींची भोकं वाढवणारा डबा, लागेल. नवे घ्यायचे दोन्ही डबे मिळून दहा हजाराच्या आसपास बसायला हरकत नाही, भाव दोनतीन दुकानांत विचारा, बिल जीएसटी नंबर घालून घ्या हे तुम्हाला सांगायला नकोच.

यूएसबी डोंगल (सिम बसणारी पेनड्राइव्हसारखी कांडी) राउटरला खोचून काम भागतं का? भागतं, पण कुठला राउटर कुठलं डोंगल ओळखतो याची यादी बघावी लागते, डोंगल तापतं, आणि बऱ्याचदा कंपनीने ते आपल्याच सिमला लॉक केलेलं असतं. जुनं ३जीचं पडलं असेल तर त्यात जिओ चालणारच नाही कारण जिओकडे ३जी कधी नव्हतंच. मला लॅनने जोडलेला सिम राउटर जास्त भरवशाचा वाटतो.

आता जो भाग बसवणारे बहुतेक वेळा सोडून देतात तो. तुमच्या फायबरच्या डब्यावर बारीक लाईट असतात. एक पॉन, तो हिरवा स्थिर पाहिजे. एक लॉस, तो एरवी बंद असतो आणि फायबर तुटली की लाल होऊन लुकलुकतो. आता बघा, जेसीबीने केबल तोडली, लॉस लाल झाला, पण तो डबा चालूच आहे आणि डब्यातून तुमच्या राउटरला आलेली वायरही जिवंत आहे, तिचा लाईट हिरवाच आहे. राउटरला वाटतं पहिली लाईन ठीक आहे, आणि तो सगळं ट्रॅफिक तिकडेच पाठवत बसतो. बॅकअप शेजारी तयार उभा आणि कुणी त्याला बोलवत नाही. म्हणून राउटरला सांगावं लागतं की वायर आहे का हे बघू नकोस, बाहेरची दुनिया दिसते का ते बघ. ईआर६०५ मधे याला ऑनलाइन डिटेक्शन म्हणतात, दुसऱ्या कंपन्यांत पिंग चेक, हेल्थ चेक, वॉचडॉग अशी नावं असतात. तिथे गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ असा बाहेरचा पत्ता द्यायचा, राउटर ठराविक सेकंदांनी तिकडे हाक मारतो आणि ओळीने काही वेळा उत्तर आलं नाही की लाईन मेली असं धरतो. केबलवाल्याच्या स्वतःच्या मशीनचा पत्ता तिथे देऊ नका, कारण कधीकधी तुमच्यापासून त्याच्या ऑफिसपर्यंत सगळं ठीक असतं आणि त्याच्या पुढे तुटलेलं असतं, मग त्याचं मशीन आनंदाने उत्तर देत राहतं.

दुसरं सेटिंग लोड बॅलन्सिंग. बऱ्याच दोन लाईनवाल्या राउटरमधे ते आधीपासून चालू असतं आणि दुकानदार ते कौतुकाने सांगतो की दोन्ही लाईनींचा स्पीड मिळून वापरता येतो. तसं होत नाही, एक डाउनलोड एकाच लाईनने जातं, फक्त वेगवेगळी कनेक्शनं दोन लाईनींवर वाटली जातात. आणि तुमच्या कामाला ते उलट त्रासाचं, कारण बँकेची साइट किंवा सरकारी पोर्टल बघतं की लॉगिन एका पत्त्यावरून झालं आणि पुढचं क्लिक दुसऱ्याच पत्त्यावरून आलं, की सुरक्षेसाठी बाहेर काढून टाकतं. शिवाय सिमचा डेटाही रोज विनाकारण संपत राहील. लोड बॅलन्सिंग बंद करा, आणि लिंक बॅकअप चालू करा, फायबर पहिली, सिम फक्त ती मेल्यावर. फायबर परत आल्यावर लगेच उडी मारून परत यायला लावू नका, सेटिंग असेल तर काही मिनिटं थांबायला लावा, कारण जोडणारा माणूस तिकडे सांधा लावताना लाईन येते जाते येते जाते आणि तेवढ्या वेळा तुमचं लॉगिन तुटतं.

बसवताना पत्त्यांचा घोळ होतो तोही आधीच सांगून ठेवतो. भरपूर फायबरचे डबे आणि सिम राउटर कंपनीतूनच १९२.१६८.१.१ असा पत्ता घेऊन येतात. तुमच्याकडे फायबरचा डबा तोच, सिमवाला तोच, असं झालं की मधल्या राउटरला दोन बाजूंना एकच गाव दिसतं आणि तो गोंधळतो, कधी चालतं कधी नाही. प्रत्येकाला वेगळी मालिका पाहिजे. तुमचा प्रिंटर आणि मेन पीसी आज ज्या मालिकेत आहेत, समजा १९२.१६८.१, ती नवीन मधल्या राउटरला द्या म्हणजे प्रिंटर परत जोडायचा व्याप नाही, आणि फायबरचा डबा १९२.१६८.१० वर, सिमवाला १९२.१६८.२० वर हलवा. फायबरच्या डब्याचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर केबलवाल्याला करायला सांगा, त्याचं काम आहे.

आणि एक अगदी साधी गोष्ट जिच्यामुळे पैसे खर्च करूनही लोक ओरडतात. फायबरच्या डब्यात थेट खोचलेली एकही पीसीची वायर ठेवू नका, सगळ्या नवीन राउटरमधे किंवा त्याच्या स्विचमधे. त्या डब्याचं वायफायही बंद करा. नाही तर एखादा लॅपटॉप जुन्या वायफायला चिकटून राहतो, लाईन तुटली की त्याला बॅकअप मिळतच नाही, आणि तो म्हणतो नवीन राउटर काही कामाचा नाही.

लाईटचं बघा. तुम्ही पत्रात लिहिलं नाही पण लाईट गेल्यावरही नेट जात असणारच. फायबरचा डबा, मधला राउटर, सिमवाला, वायफायवाला, स्विच, सगळेच्या सगळे इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर पाहिजेत, एक जरी राहिला तरी साखळी तुटली. इन्व्हर्टरवर बदली होताना काही डबे क्षणभर बंद होऊन परत चालू होतात आणि दोन मिनिटं जातात, तसं होत असेल तर राउटरसाठी छोटे मिनी यूपीएस मिळतात, घेताना फक्त डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, बहुतेक १२ व्होल्टचे असतात पण काही ९ चे आणि ५ चेही असतात आणि चुकीचा लावला तर डबा जळतो. अख्ख्या भागाची लाईट बराच वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही उतरते, तिथे आपला इलाज नाही.

सिमबद्दल. ज्या नंबरवर बँकेचे, जीएसटीचे ओटीपी येतात ते सिम चुकूनही राउटरमधे घालू नका, ओटीपी खिडकीतल्या डब्यात जाऊन पडेल. वेगळं सिम घ्या, जमलं तर फर्मच्या नावावर, पोस्टपेड मिळालं तर उत्तम. प्रीपेड असेल तर २८ दिवसांच्या पॅकची तारीख कुणाच्या तरी फोनमधे आठवण म्हणून लावा, कारण रोज न वापरलं जाणारं सिम विसरायला होतं आणि लागेल त्याच दिवशी ते संपलेलं असतं. दिवसाला २ जीबीवाला पॅक रिटर्नच्या कामाला भरपूर आहे पण सहा विंडोज पीसींचे अपडेट, गूगल ड्राइव्हचा बॅकअप आणि सीसीटीव्हीचं क्लाउड याला तो अर्धा तासही पुरणार नाही, आणि २ जीबी संपले की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो म्हणजे पोर्टलचं लॉगिनचं पानही उघडत नाही. विंडोजचे अपडेट रात्री किंवा रविवारी होतील असं लावा, ड्राइव्हचा बॅकअप नेट गेलेलं असेल तेव्हा पॉज करा असं सगळ्यांना सांगून ठेवा, आणि डीव्हीआरला (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरला) राउटरमधून बॅकअप लाईनवर जायला बंदी घालता येते, बसवणाऱ्याकडून तेवढं करून घ्या. जास्त डेटाचा पॅक परवडत असेल तर मी तोच घेईन, महिन्याच्या २० तारखेचा ताप वाचतो.

सिमवर गेल्यावर एक गोष्ट चालणार नाही, ती माहीत असू द्या. मोबाईलच्या नेटवर बाहेरून थेट तुमच्या ऑफिसात यायचा रस्ता नसतो, कंपनी एकच पत्ता हजारो लोकांत वाटते. घरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) टाकून मेन पीसीवर येत असाल तर त्या वेळात ते बंद राहील, एनीडेस्कसारखं दुरून पीसी चालवायचं ॲप वापरत असाल तर चालेल. आणि एखाद्या क्लायंटच्या सर्व्हरने फक्त तुमच्या स्टॅटिक आयपीलाच परवानगी दिली असेल तर तेही तेवढा वेळ थांबेल.

सगळं बसलं की तपासणी, आणि ही बसवणारा माणूस समोर उभा असताना, पैसे देण्याआधी. तो काय करेल, मधल्या राउटरमधून पहिल्या वॅनची वायर उपटेल, नेट सिमवर जाईल आणि म्हणेल बघा मॅडम झालं. ती तपासणी खोटी आहे, वायर उपटली तर कुठलाही राउटर ओळखतो. त्याला सांगा फायबर काढ. फायबरच्या डब्याच्या मागे हिरव्या किंवा निळ्या टोपणाची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर असते, ती तो कनेक्टर धरून सरळ बाहेर ओढेल, वाकवायची नाही, टोकाला बोट लावायचं नाही, आत डोळा लावून बघायचं नाही, लगेच टोकाला टोपी. डबा चालूच ठेवायचा. लॉस लाल झाला पाहिजे. आता तुम्ही घड्याळ बघा आणि कुणाला तरी टॅलीत एक व्हाउचर टाकायला लावा, दुसऱ्याला प्रिंट मारायला लावा, तिसऱ्याला जीएसटी पोर्टल उघडून ठेवायला लावा. टॅली आणि प्रिंट अडायलाच नको. पोर्टल अर्ध्या-एक मिनिटात परत चालू झालं पाहिजे, चालू लॉगिन मात्र तुटेल आणि परत करावं लागेल, ते नॉर्मल आहे, म्हणून मोठं फॉर्म भरताना मधेमधे सेव्ह करायची सवय सगळ्यांना लावा. पाचेक मिनिटं काम करून बघा आणि फायबर परत लावा, ती परत आपल्या जागी येते का तेही बघायचं.

ही तपासणी दर महिन्याला एकदा करा, पण फायबर न काढता. वारंवार काढल्याने कनेक्टरमधे धूळ जाते. फायबरच्या डब्याचा बटणावरून करंट बंद करा आणि सिमवर नेट येतं का तेवढं बघा, म्हणजे सिम रिचार्ज आहे की नाही ते कळतं. टीडीएस भरायच्या ७ तारखेच्या आधी, ४-५ तारखेला केलंत तर काही बिघडलं असेल तर दुरुस्त करायला वेळ राहतो.

केबलवाल्याला नाराज करू नका, त्याचीच लाईन पहिली राहणार आहे. त्याला दुसरी लाईन विकण्याऐवजी एक काम सांगा, तुमच्या डब्यावर येणारी फायबरची पॉवर मोजून द्यायला सांगा. त्याच्याकडे मीटर असतो. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर निवांत, उणे २७ च्या जवळ गेली असेल तर तुमची लाईन खोदाई नसतानाही अधूनमधून पडत असणार, कुठेतरी सांधा खराब आहे किंवा वायर कोपऱ्यात जास्त वाकली आहे, ते त्याने फुकटात दुरुस्त करायला पाहिजे.

सगळ्यात आधी मात्र या आठवड्यात ती स्पीड टेस्ट करा, राउटर नंतर. तिन्ही कंपन्यांची रेंज खिडकीतही उणे १०५ च्या पलीकडे निघाली तर वरचं सगळं गणित बदलतं, मग सिम राउटर असा घ्यावा लागेल ज्याला बाहेरचा अँटेना लावता येतो आणि तो गच्चीवर टॉवरच्या दिशेने बसवावा लागेल, किंवा गावाच्या बाजूने येणारी दुसऱ्या कुणाची फायबर शोधावी लागेल. आकडे कंपनीप्रमाणे, सकाळ-संध्याकाळ असे लिहून पाठवा, शिवाय ऑफिस कितव्या मजल्यावर आहे आणि गच्चीवर वायर न्यायला परवानगी मिळेल का तेही लिहा, मग अँटेना कुठला ते नक्की सांगतो.